क्षय आणि एच.आय.व्ही. : औषधाचा खाडा नको



बेणे, खत, पाणी याविषयी आपण या पानावर नेहमी वाचता. या खेपेस विषय माणसाच्या आरोग्याचा आहे.

एच.आय.व्ही.ने प्रतिकारशक्ती खालावली की अंगात दबा धरून बसलेला क्षय डोके वर काढतो. अशा रोग्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण क्षयच आहे. पण दोन्हींवर औषध आहे आणि सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते, एच.आय.व्ही.चे २००४ पासून.

आधी क्षयाचे औषध सुरू होते. नेहमीच्या क्षयाला पहिले दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन. बहुधा दोन ते आठ आठवड्यांत एच.आय.व्ही.च्या गोळ्या जोडतात. क्षयाच्या औषधाने लघवी लालसर होते, घाबरू नये. नव्या गोळ्यांनंतर काहींना ताप येतो, गाठी वाढतात. अंगात ताकद परतताना असे होते. गोळ्या बंद न करता डॉक्टरांना दाखवावे. क्षयाच्या रिफाम्पिसिनमुळे एच.आय.व्ही.च्या डोल्युटेग्रॅव्हिरचा असर कमी होतो, मात्रा वाढवावी लागते. म्हणून दोन्हीकडच्या डॉक्टरांना दोन्ही आजार सांगावेत.

लागणीला आपण जपतो अन् खोडव्याकडे पाठ फिरवतो, तसेच इथे होते. सहा महिन्यांनी क्षयाचे औषध संपते, माणूस कामाला लागतो आणि एच.आय.व्ही.च्या गोळ्याही सोडतो. त्या मात्र जन्मभर घ्यायच्या असतात.

सर्वांत अवघड तोडणी मजुरांचे. गळीत हंगाम पाच-सहा महिन्यांचा, क्षयाचा उपचारही सहा महिन्यांचा. बीडकडची टोळी इकडे येते, औषध तिकडेच राहते. निघण्यापूर्वी दवाखान्यात सांगितले तर क्षयाची 'निक्षय' नोंद इकडे वर्ग होते. ए.आर.टी. केंद्रालाही तसेच कळवावे.

ठेकेदार, मुकादम आणि ज्यांच्या फडात टोळी उतरते त्या सभासदांनी एवढे करावे. दवाखान्याच्या दिवशी मजुराचा खाडा धरू नये. कोणाला काय आजार, याची चौकशी करू नये. एच.आय.व्ही. आहे म्हणून कामावरून काढण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. एकत्र जेवल्याने तो पसरत नाही. क्षय हवेतून पसरतो. म्हणून कोपीत वारा खेळू द्यावा, घरच्यांनी तपासून घ्यावे.

नोव्हेंबर २०२४ पासून क्षयरोग्याला उपचारकाळात आहारासाठी दरमहा १,००० रुपये बँक खात्यावर मिळतात. आपल्या वाड्या-वस्त्यांवर अन् टोळ्यांत ही माहिती पोहोचवावी, ही विनंती.