लूच्या गावात प्रवाळ

जूनचा पहिला आठवडा, दुपारचे दीड वाजलेत. लखनौच्या अमौसीत रस्त्यावर चिटपाखरू नाही. पारा 44 वर गेलाय, विमानतळाच्या मोकळ्या माळावरून लू सुटलीय, आणि माझ्या मावसभावाच्या, म्हणजे दादाच्या हॉलमध्ये टेबलफॅन गरगर फिरतोय. आमच्याकडे त्याची पाठ आहे. तो वारा घालतोय 200 लिटरच्या काचेच्या टाकीतल्या पाण्याला. ‘‘आमच्या घरात पाहुण्यांचा नंबर दुसरा,’’ वहिनी म्हणाल्या.

पहिला नंबर प्रवाळांचा. कुठलाही समुद्र इथून 800 किलोमीटरांच्या आत नाही. तरी टाकीत छत्रीसारखी पसरलेली दोन लेदर कोरल आणि झोआ नावाच्या, शर्टाच्या बटणांएवढ्या जिवांची हिरवी-केशरी सतरंजी मजेत डोलत होती. लखनौच्या सराफाकडचा मूंगा, म्हणजे आपलं अंगठीतलं पोवळं, यांचं लांबचं नातेवाईक. ते खोल, अंधाऱ्या पाण्यात वाढतं आणि त्याला उजेडाची गरज नसते. दादाच्या टाकीतल्यांचं पोट मात्र उजेडावर चालतं. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहायला असतं. ते प्रकाशात साखर बनवतं आणि मिळकतीचा मोठा वाटा घरमालकाला देतं. उथळ पाण्यातल्या बऱ्याच प्रवाळांना 90 टक्क्यांपर्यंत ऊर्जा या भाड्यातूनच मिळते.

पाणी तापलं की हा संसार मोडतो. उष्णता आणि प्रखर उजेड एकत्र आले की शैवालाचं प्रकाशसंश्लेषण बिघडतं, घातक ऑक्सिजन-संयुगं तयार होतात आणि प्रवाळ भाडेकरूला बाहेर काढतं. रंग शैवालाचा असल्यामुळे मागे पांढरं, उपाशी शरीर उरतं. समुद्रात नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाच्या वर एकच अंश पाणी काही आठवडे राहिलं तरी एवढा अनर्थ होतो. समुद्राला तो एक अंश चढायला दिवसच्या दिवस लागतात. 200 लिटरच्या टाकीला एक दुपार पुरते.

म्हणून तो पंखा. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता खर्च होते. ती सगळी टाकीतूनच गेली असं धरलं, तर 200 लिटर पाणी जवळजवळ 3 अंशांनी उतरतं. माठ आणि वाळ्याचे पडदे याच हिशेबावर चालतात. हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त, म्हणजे माणसाला भाजून काढणारी लू इथे प्रवाळांच्या बाजूने उभी असते! दादाची खरी परीक्षा जुलैत असते. पारा 34 वर येतो, शेजारीपाजारी सुटकेचा नि:श्वास टाकतात, पण हवा ओलीचिंब झालेली. पंखा नुसता फिरतो, पाणी उडत नाही आणि टाकीचा काटा 26 वरून 30 कडे सरकायला लागतो. दोन पावसाळे असे काढल्यावर त्याने चिलरसाठी पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली.

आम्ही जेवायला बसलो आणि लाइट गेली. दादा उठला, बॅटरीवरचा हवेचा पंप लावला. प्रवाह थांबला की पाण्यातला ऑक्सिजन तासाभरात खालावू लागतो आणि गरम पाण्यात तो मुळातच कमी मावतो. वहिनींनी फ्रीजरमधून बर्फ झालेली एक बाटली काढली, बाहेरून धुतली आणि बूच न उघडता टाकीत तरंगत सोडली. दुसरी लगेच नाही, अर्ध्या तासाने. ‘‘एकदम गार केलं तरी रुसतात,’’ त्या म्हणाल्या. या छंदातलं निम्मं शास्त्र त्या वाक्यात आलं. 25 अंश काय नि 27 काय, प्रवाळ जुळवून घेतं. एका तासात 27 चे 25 झालेले मात्र त्याला सोसत नाहीत. समुद्राला त्याचा अवाढव्य आकारच सांभाळून घेतो. टाकीत ते काम माणसाला करावं लागतं.

काचेवर मार्करने एक रेघ ओढली आहे. लूच्या दिवसांत पंख्यामुळे रोज तीन-चार लिटर पाणी उडतं, पण मीठ मागेच राहतं. त्यामुळे रेघेपर्यंत भर घालायची ती गोड्या पाण्याची. नवखे लोक खारं पाणी ओततात आणि खारटपणा दर लिटरला 35 ग्रॅमवरून चढत जातो. गोडं पाणी म्हणजे नळाचं नव्हे. त्यात क्लोरीन असतं, कधी फॉस्फेट, सिलिका, पाइपातलं तांबं. आर.ओ. आणि त्यापुढे आयन काढून घेणारी नळी, असं दुहेरी गाळलेलंच पाणी टाकीत जातं. पहिल्यांदा टाकी भरायला सुमारे सात किलो मीठ लागलं. तेही स्वयंपाकघरातलं चालत नाही. समुद्रातल्या क्षारांत साधं मीठ सुमारे 85 टक्के असतं, पण मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, बायकार्बोनेट अशा उरलेल्या मंडळींशिवाय तो समुद्र होत नाही.

तांब्याचा धडा दादाने स्वतःच्या चुकीतून घेतला. पहिल्या वर्षी माशांवर पांढरे ठिपके दिसले म्हणून त्याने तांबंयुक्त औषध थेट टाकीत ओतलं. मासे वाचले, प्रवाळं आठवड्यात विरघळली. तांबं चुनखडीच्या खडकांत मुरतं आणि पुढे कित्येक महिने झिरपत राहतं, त्यामुळे खडकही बदलावे लागले.

टाकीत असे खडक, तेही जिवंत, ठेवण्याची युक्ती जुनी आहे. 1961 मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि ऊन एवढ्यावर प्रवाळांची टाकी चालवून दाखवली. खडकांच्या छिद्रांतले जिवाणू माशांच्या मलमूत्रातला अमोनिया पचवतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर टाकी रिकामीच ठेवायची असते. पण एंग यांच्या हाताशी समुद्र होता. ज्यांच्या नव्हता त्या बर्लिनच्या हौशी मंडळींनी 1980 च्या दशकात खडकांना स्किमरची जोड दिली आणि घाण फेसातून बाहेर काढली. अमौसीची टाकी बर्लिनच्या घराण्याची.

गंमत म्हणजे टाकीत हमखास दगा देणारं म्हणून बदनाम असलेलं गोनिओपोरा हे प्रवाळ आपल्या मालवणच्या गढूळ पाण्यात नांदतं. तिथलं 29.12 चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य 1987 चं. पावसाळ्यात तिथलं पाणी गढूळतं, खारटपणा उतरतो, तरी गोनिओपोरा टिकतं. स्वच्छ पाणी म्हणजे निरोगी प्रवाळ, हे समीकरण इतकं सरळ नाही.

मालवणचा तुकडा घरी आणावा असं कुणाच्या मनात येत असेल, तर ते तिथेच सोडून द्यावं. 2001 पासून सगळी दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळं आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. 2020 मध्ये मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी आणि हाजी अलीची प्रवाळं दुसरीकडे हलवली, तेव्हा महापालिकेलाही आधी परवानगी काढावी लागली. दादाकडच्या दोन्ही जाती या यादीत येत नाहीत, म्हणून त्या निवडलेल्या. माशांच्या बाबतीत तर लखनौ मागे नाहीच. इथल्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर शोभेच्या कोळंबीचं प्रजनन केंद्र उभारलं, आणि ऐरोलीत महाराष्ट्राच्या कांदळवन प्रतिष्ठानाबरोबर क्लाउनफिशची पैदास केली. समुद्रातून उपसलेल्या माशापेक्षा पैदाशीचा मासा टाकीत जास्त टिकतो, हा दादाचाही अनुभव.

एक सूचना मात्र मोठ्या अक्षरात लिहावी अशी. काही झोआंत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. झोआ चिकटलेला खडक साफ करायला म्हणून उकळायचा किंवा घासायचा नाही. वाफेतून किंवा शिंतोड्यांतून हे विष शरीरात गेल्याने अख्खी कुटुंबं रुग्णालयात भरती झाल्याची उदाहरणं आहेत. दादा हातमोजे आणि चष्म्याशिवाय पाण्यात हात घालत नाही.

संध्याकाळी लाइट आली आणि निळे दिवे लागले. निघताना मी विचारलं, ‘‘पुढच्या वेळी मुंबईहून समुद्राचं पाणी आणू का, दोन कॅन?’’

‘‘कुठलं, गिरगावचं?’’ दादा टाकीची काच पुसत म्हणाला. ‘‘नको रे बाबा. मोठ्या मुश्किलीने स्वच्छ समुद्र बनवलाय.’’