कार्डाची थकबाकी: बोलणी वेळेवर, पैसे पत्रानंतर

दिवाळीत कार्डावर घेतलेल्या टीव्हीचं, कपड्यांचं, गावी जायच्या तिकिटांचं बिल सण सरल्यावर हाती येतं. त्यावर दोन आकडे असतात: एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम, म्हणजे ‘मिनिमम ड्यू’. महिन्याचा मेळ बसत नसला की दुसरा आकडा भरला जातो आणि या महिन्यापुरतं निभावलं असं वाटतं.

जरा हिशोब मांडू. बाकी एक लाख रुपये आहे आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे 3,500 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, 630 रुपये. मिनिमम ड्यू पाच टक्के धरला तर तुम्ही 5,000 रुपये भरता. त्यातले 4,130 व्याजात आणि करात जातात, मुद्दल उतरतं फक्त 870 रुपयांनी. जुनी बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. हेच एक लाख 15 टक्के दराच्या, तीन वर्षांच्या वैयक्तिक कर्जात वळवले तर हप्ता साधारण 3,467 रुपयांचा येतो. दरमहा कमी पैसे भरून तीन वर्षांत कर्ज संपतं.

व्याज फार आहे म्हणून कोर्ट सोडवेल, या आशेवर थांबू नका. 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावातून उसळलेल्या दंग्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर 1879 साली आलेल्या दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीच्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्यामागचा खरा हिशोब तपासायचा अधिकार दिला. बँकांच्या बाबतीत ती वाट अरुंद आहे. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 21अ नुसार, केवळ दर जास्त आहे म्हणून न्यायालय बँकेचा व्यवहार पुन्हा उघडत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली कार्डावरचं वार्षिक 30 टक्क्यांहून जास्त व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी तो निर्णय रद्द केला. म्हणून बोलणी आपणच करायची, आणि लवकर करायची.

तीन दिवस, नव्वद दिवस

रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय बँक खातं थकीत म्हणून कळवू शकत नाही, विलंब शुल्कही लावू शकत नाही. न भरलेलं शुल्क आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावायलाही मनाई आहे. स्टेटमेंट ओळीओळीने वाचा. बोलणीत हीच कलमं उपयोगी पडतात.

मिनिमम ड्यू देय तारखेपासून नव्वद दिवसांत पूर्ण भरला नाही तर खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, ठरतं. त्याआधीचा काळ तुमच्या हातात असतो. पहिला हप्ता चुकेल असं दिसताच बँकेला ईमेल करा: नोकरी गेली, दुखणं आलं, धंदा बसला, जे खरं असेल ते पुराव्यासह लिहा आणि दरमहा किती झेपेल तो आकडा स्वतः सांगा. बाकी ईएमआयमध्ये वळवून मागा, दर कमी करून मागा. या वाटेने कर्ज पूर्ण फिटतं आणि सिबिलच्या क्रेडिट अहवालावर तडजोडीचा शेरा येत नाही.

तडजोड: शेवटचा उपाय

सगळं फेडणं खरोखर अशक्य असेल तेव्हाच सेटलमेंटचा विचार करा. बँक ठरावीक रक्कम घेते, उरलेली सोडते. रिझर्व्ह बँकेने 8 जून 2023 रोजी अशा तडजोडींची चौकट घालून दिली. त्यानुसार प्रत्येक बँकेचं संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण हवं, आणि तडजोड केलेल्या कर्जदाराला ती बँक निदान बारा महिने नवं कर्ज देत नाही. अहवालात खात्यापुढे ‘सेटल्ड’ लागतं, ‘क्लोज्ड’ नाही. उद्या घरकर्ज मागायला गेलात तर ते दिसतं.

बोलणीला बसण्याआधी हातात एकरकमी किती आहे ते ठरवा. भविष्यनिर्वाह निधी मोडून किंवा दागिने गहाण टाकून उभी केलेली रक्कम आधी घरखर्चाच्या कसोटीवर तपासा. पहिला देकार मुद्दलाचा हिशोब मांडून द्या: किती खर्च केला, आजवर किती भरलं, व्याज आणि दंड किती चढला. फोनवर समोरचा म्हणेल, ‘आज भरा, पत्र उद्या पाठवतो.’ त्याला नम्रपणे सांगा, ‘आधी पत्र पाठवा, मग लगेच भरतो.’

पत्र बँकेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवरून यायला हवं. त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, ठरलेली रक्कम, भरायची तारीख, ही रक्कम पूर्ण व अंतिम असल्याचं आणि उरलेली बाकी माफ केल्याचं स्पष्ट वाक्य हवं. पैसे थेट कार्डाच्या खात्यातच भरा, एजंटच्या यूपीआयवर कधीही नाही. मग ‘नो ड्यूज’ प्रमाणपत्र घ्या आणि पावत्या जपून ठेवा. वर्षातून एकदा मोफत मिळणारा क्रेडिट अहवाल काढून नोंद पाहा. चूक असेल तर तक्रार करा. ती तीस दिवसांत निवारली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद आहे.

‘हप्ते बंद करा, आम्ही निम्म्यात मिटवतो’ म्हणत आगाऊ फी घेणाऱ्यांपासून दूर राहा. त्यांची फी जाते आणि तोवर थकबाकीही वाढते.

नोटीस आली तर

नोटीस नाकारू नका, घेऊन वाचा. थकबाकी हा दिवाणी मामला आहे, निव्वळ पैसे नाहीत म्हणून अटक होत नाही. पण चेक परत गेला असेल तर परक्राम्य संलेख कायद्याचं कलम 138 लागतं. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरले नाहीत तर फौजदारी खटला होऊ शकतो. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला तरी 2007 च्या पेमेंट कायद्याचं कलम 25 तसंच आहे. म्हणून न झेपणाऱ्या हप्त्याचे चेक देऊ नका. लवादाची किंवा कोर्टाची नोटीस असेल तर वकील गाठा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. लोकअदालतीचं बोलावणं ही चांगली संधी असते. तिथल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नसतं, म्हणून सही करण्याआधी आकडे पुन्हा तपासा.

वसुलीवाल्यांनाही मर्यादा आहेत. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन नाही, शिवीगाळ नाही, चारचौघांत अपमान नाही, नातेवाइकांना-मित्रांना त्रास नाही. नियम मोडला तर तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला कळवा. तीस दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनाशुल्क करता येते. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे.

कर्ज लपवून ठेवणारा माणूस एकटा पडतो, आणि एकटा माणूस धमकीला लवकर बळी पडतो. म्हणून बँकेच्याही आधी घरात सांगा. झोप उडाली असेल, जीव नकोसा झाला असेल तर टेली-मानसच्या 14416 वर बोला. मग कागद-पेन घेऊन घरच्यांसोबत बसा. सगळ्या कार्डांची बाकी, दर आणि देय तारखा एका पानावर उतरवा आणि त्याच दिवशी बँकेला पहिलं पत्र पाठवा.