जुळ्या कोकरांचे जनुक आणि कळपाची संख्या

बारामती व इंदापूर तालुक्यांच्या जिरायत भागात दख्खनी मेंढी हा अनेक कुटुंबांचा आधार आहे. ही मेंढी काटक असते, परंतु तिला एका वितास बहुधा एकच कोकरू होते. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातील गरोल मेंढीचे, जुळी देणारे जनुक दख्खनी मेंढीत उतरविले. या कार्यातून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार झाली. हे जनुक मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर असून त्याची नेमकी ओळख २००१ मध्ये पटली.

गुण एकटा येत नाही

जनुके गुणसूत्रावर माळेतील मण्यांप्रमाणे ओळीने असतात. शेजारची जनुके बहुधा एकत्रच पुढील पिढीत जातात. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते, तेव्हाच त्यांची फारकत होते. जनुके जितकी जवळ, तितकी ही फारकत विरळ.

गरोल मेंढी लहान चणीची आहे. म्हणून संकरित मेंढरांचा दख्खनी जातीशी पुनःपुन्हा संकर करावा लागतो. असे पाच संकर केल्यावर अन्य गुणसूत्रावरील गरोलचे एखादे जनुक १०० पैकी सुमारे ३ कोकरांतच उरते. मात्र जुळ्यांच्या जनुकाला अगदी लागून असलेले, म्हणजे दर पिढीत शंभरात एकदाच फारकत होणारे जनुक, निवडलेल्या १०० पैकी सुमारे ९५ कोकरांत टिकून राहते. ते अनिष्ट असले तर चांगल्या गुणाबरोबर तेही पोसले जाते.

संख्येचे महत्त्व

अशी फारकत झालेले कोकरू १० कोकरांत बहुधा सापडणारच नाही. ३०० कोकरांत सरासरीने तीन सापडतील. एडिंबरो येथील हिल व रॉबर्टसन या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की, लहान समूहात शेजारची जनुके एकमेकांच्या निवडीस अडथळा करतात व सुधारणा लवकर खुंटते. अनिष्ट जनुक एकदा सर्व कळपात भरले, की केवळ त्याच कळपातील निवडीने ते काढता येत नाही.

कळपाची संख्या केवळ डोकी मोजून कळत नाही. ६० मेंढ्यांवर एकच एडका असेल, तर आनुवंशिकदृष्ट्या तो कळप सुमारे ४ जनावरांइतकाच ठरतो. ४ एडके ठेवल्यास तो १५ जनावरांइतका होतो.

मेंढपाळांनी काय करावे

१. जुळे जन्मले एवढ्यावरच एडका निवडू नये. त्याची वाढ, पाय, दात व चरण्याची ताकदही पाहावी. जुळ्याची तुलना जुळ्याशीच करावी.

२. कानात बिल्ला मारून आई-बाप व तीन महिन्यांचे वजन वहीत नोंदवावे.

३. एकाच एडक्याची सर्व पिल्ले पैदाशीस ठेवू नयेत. एडक्याच्या मुली वयात येण्यापूर्वी तो बदलावा.

४. गावातील चार-पाच कळपांनी मिळून निरनिराळ्या वंशांचे एडके ठेवावेत व ते आळीपाळीने फिरवावेत.

५. एडक्यात हे जनुक आहे की नाही, हे रक्ताच्या तपासणीने कळते. शक्य असेल तेथे तपासलेलाच एडका घ्यावा.

ग्रामसेवकांनी कळपनिहाय एडक्यांची यादी करावी व अदलाबदलीसाठी मेंढपाळांस एकत्र आणावे. एकट्याच्या लहान कळपात जी निवड साधत नाही, ती अनेकांच्या सहकार्याने साधते.