झोपेची गोळी : सुरू करण्यापूर्वी आणि बंद करण्यापूर्वी

वाराणसीतील मराठी कुटुंबांसाठी माहिती

चिंता, प्रवास किंवा घरातील आजारपण यांमुळे चार-दोन रात्री झोप न लागणे हा आजार नव्हे. परंतु पुरेसा वेळ व निवांतपणा असूनही आठवड्यातून किमान तीन रात्री झोप लागत नसेल, हा त्रास तीन महिने टिकला असेल आणि त्यामुळे दिवसाची कामे बिघडत असतील, तर त्यास दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. त्यावर उपचार आहेत. गोळी हा त्यांतील एक उपचार असून, बहुतेक वेळा तो थोड्या दिवसांपुरता असतो.

प्रथम झोपेचा हिशेब पाहावा

ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा घाट या परिसरातील अनेक घरांत पहाटेच्या स्नानासाठी साडेतीन-चारला उठण्याची रीत आहे. रात्री नऊला निजून साडेतीनला जाग आली, तर साडेसहा तासांची झोप झालेली असते. उतारवयात दिवसभर हुशारी वाटत असेल, तर एवढी झोप पुरेशी असू शकते. दुपारी दोन तास निजणाऱ्यास रात्री उशिरा झोप लागणे हेही स्वाभाविक आहे.

सांधेदुखी, रात्री वारंवार लघवीस उठावे लागणे, दमा, थायरॉइडचा विकार, उदासी, संध्याकाळचा चहा, तंबाखूयुक्त पान किंवा सायंकाळी घेतलेली लघवीची गोळी ही कारणेही झोप उडवितात. कारण तसेच राहिले, तर गोळीने फक्त तक्रार झाकली जाते.

गोळी काय करते?

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम व झोल्पिडेम यांसारखी औषधे मेंदूची उत्तेजना मंदावतात. प्रारंभी गुण येतो व रुग्णाला हायसे वाटते. पुढे पुष्कळ रुग्ण एकसारखाच अनुभव सांगतात. काही आठवड्यांनी तीच गोळी अपुरी पडू लागते, अर्धीची एक होते, आणि एखाद्या रात्री गोळी चुकली की पूर्वीपेक्षाही वाईट रात्र जाते. "गोळीवाचून मला झोप येतच नाही," अशी मग खात्री पटते. वस्तुतः ती वाईट रात्र पुष्कळदा औषध अचानक तुटल्याची प्रतिक्रिया असते.

यात रुग्णाचा दुबळेपणा नाही. शरीर औषधाला सरावते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून घरच्यांनी रुग्णास बोल लावू नयेत व रुग्णानेही ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

पहाटेचा घाट आणि रात्रीची गोळी

झोल्पिडेम घेतल्यावर किमान सात-आठ तास अंथरुणात राहता आले पाहिजे. अकराला गोळी घेऊन चारला स्नानास निघणाऱ्याच्या शरीरात औषधाचा अंमल शिल्लक असतो. डायझेपामचा अंमल तर याहून कितीतरी अधिक काळ टिकतो व वृद्धांत तो आणखी लांबतो. डोळे उघडे असतात, चालणे-बोलणे नेहमीसारखे वाटते, पण तोल व भान पुरते आलेले नसते. पावसाळ्यानंतर गाळाने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर, कार्तिकातील अंधारात किंवा पौषातील धुक्यात एवढी उणीव जिवावर बेतू शकते. जुन्या वाड्यांतील उभे, अरुंद जिने रात्री लघवीस उठणाऱ्या वृद्धांसाठी तितकेच धोक्याचे आहेत. खुब्याचे हाड मोडण्यास एक पायरी चुकणे पुरते.

आपला उठण्याचा नेमका वेळ डॉक्टरांना सांगावा. गोळी घेतलेल्या रात्रीनंतर पहाटे एकट्याने घाट उतरू नये व वाहन चालवू नये. अंथरुणापासून शौचालयापर्यंत मंद दिवा ठेवावा.

हे कटाक्षाने टाळावे

• मद्य, भांग किंवा भांग घातलेली ठंडाई यांसोबत गोळी घेणे. शिवरात्र व होळीस विशेष जपावे. मद्याबरोबर घेतल्यास श्वास मंदावून मृत्यूही ओढवू शकतो.
• कोडीनयुक्त खोकल्याचे औषध किंवा ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके चालू असल्याचे डॉक्टरांना न सांगणे.
• जोराने घोरणे व झोपेत श्वास अडकणे ही लक्षणे असताना तपासणीवाचून गोळी घेणे.
• गर्भवती किंवा स्तनपान देणाऱ्या मातेने स्वतःच्या विचाराने गोळी घेणे.
• शेजाऱ्याची किंवा नातेवाइकाची गोळी घेणे, तसेच जुन्या चिठ्ठीवर औषध आणणे.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम व झोल्पिडेम ही औषधे अनुसूची एच-1 मध्ये आहेत. 1 मार्च 2014 पासून लागू असलेल्या या नियमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, आणि औषध विक्रेत्याने रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव नोंदवहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. विक्रेत्याने चिठ्ठी मागितली तर रागावू नये. ती अट आपल्याच रक्षणासाठी आहे.

गोळी एकाएकी बंद करू नये

हे पत्रक वाचून आजच गोळ्या फेकून देऊ नयेत. काही आठवड्यांहून अधिक काळ रोज घेतलेली गोळी अचानक थांबविल्यास तीव्र अस्वस्थता, थरथर, घाम व क्वचित झटकेही येऊ शकतात. डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. दीर्घकाळ घेतलेल्या गोळीस कित्येक महिनेही लागू शकतात. एखाद्या टप्प्यावर त्रास झाला, तर तेथेच थांबून सल्ला घ्यावा. मंद गतीने उतरणे हे अपयश नव्हे.

गोळीवाचून उपचार

निद्रानाशावर संज्ञानात्मक वर्तनोपचार हा पहिला उपचार मानला जातो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने 2016 मध्ये सर्व प्रौढांसाठी तशी शिफारस केली. त्यातील काही पथ्ये घरी सुरू करता येतात.

• रात्र कशीही गेली तरी उठण्याचा वेळ एकच ठेवावा.
• झोप आल्यावरच अंथरुणावर जावे. सुमारे वीस मिनिटांत डोळा न लागल्यास उठून मंद प्रकाशात शांत बसावे व झोप आल्यावर परतावे.
• अंथरुणात मोबाइल, हिशेब व वादविवाद नकोत. घड्याळ नजरेआड ठेवावे.
• दुपारनंतर चहा-कॉफी व रात्री तंबाखू टाळावा.
• दोन आठवडे निजण्या-उठण्याच्या वेळा वहीत लिहाव्यात व ती वही डॉक्टरांना दाखवावी.

यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. पहिल्या काही रात्री जड जातात, म्हणून धीर सोडू नये.

मदत कोठे मिळेल?

जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा बनारस हिंदू विद्यापीठाच्या सर सुंदरलाल रुग्णालयातील मानसोपचार विभागात सल्ला घ्यावा. जाताना चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे सोबत न्यावीत. मनात निराशा दाटली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर टेली-मानसच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलावे. अशा काळात घरातील गोळ्या दुसऱ्या जबाबदार व्यक्तीने कुलूपबंद ठेवाव्यात.

गोळी घेतलेली व्यक्ती हाका मारूनही जागी होत नसेल किंवा श्वास फार मंद असेल, तर तिला कुशीवर निजवावे, तोंडात पाणी घालू नये, उलटी करवू नये व त्वरित 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. गोळ्यांचे पाकीट रुग्णालयात सोबत न्यावे.