सामायिक इलेक्ट्रॉनिक्स वर्कबेंच: आखणी आणि साधने

या पाठात चार विद्यार्थी एकाच वेळी वापरतील असे वर्कबेंच कसे आखावे, ते पाहू. उदाहरण रायपूरच्या भनपुरी औद्योगिक भागाचे घेऊ. आजूबाजूला कारखाने असले की प्रकल्पासाठी एसएमपीएस किंवा मोटर-ड्राइव्हचे कार्ड बेंचवर येतेच. त्यामुळे बेंच केवळ ५ व्होल्टच्या सर्किटसाठी नव्हे, तर २३० व्होल्ट गृहीत धरून आखावे.

१. साधने आणि भार

प्रत्येकाला स्वतंत्र: मल्टिमीटर, पॉवर सप्लाय (सुमारे १५० वॅट), सोल्डरिंग आयर्न (५० वॅट). दोघांत एक: ऑसिलोस्कोप (५० वॅट). चौघांत एक: हॉट-एअर स्टेशन (७०० वॅट).

एकूण भार = ४ × २०० + २ × ५० + ७०० = १६०० वॅट. २३० व्होल्टने भागल्यास सुमारे ७ अँपिअर. म्हणून बेंचला १६ अँपिअरची एक स्वतंत्र लाइन पुरते.

२. संरक्षण

लाइनवर एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवा. एमसीबी वायर वाचवतो; आरसीसीबी माणसासाठी असतो. सर्वांच्या हाताशी येईल असे लाल बंद-बटण लावा. अँटिस्टॅटिक पट्ट्यात १ मेगाओहमचा रोध असतो. चुकून फेजला हात लागला तरी त्यातून फक्त ०.२३ मिलीअँपिअर वाहतो. तरीही मेन्सवर काम करताना पट्टा काढून ठेवा.

३. नेहमी होणारी चूक

ऑसिलोस्कोपच्या प्रोबची अर्थ-क्लिप प्लगच्या अर्थ-पिनला जोडलेली असते. एसएमपीएसमधील ब्रिज रेक्टिफायरचे ऋण टोक मात्र अर्थच्या विभवावर नसते. तेथे क्लिप लावली की डायोडमधून फेज थेट अर्थला जोडला जातो. ठिणगी पडते, डायोड किंवा प्रोब जळतो, आरसीसीबी पडतो आणि चौघांचेही काम थांबते.

मग कोणीतरी ‘युक्ती’ करतो: ऑसिलोस्कोपच्या प्लगची अर्थ-पिन काढतो. तरंगरूप छान दिसते. पण आता ऑसिलोस्कोपच्या धातूच्या भागांवर मेन्सचा व्होल्टेज आलेला असतो. युक्ती करणाऱ्याला ते ठाऊक असते, शेजारी बसलेल्याला नसते. सामायिक बेंचवर एकाची युक्ती दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

४. योग्य उपाय

ऑसिलोस्कोपची अर्थ कधीही काढू नका. डिफरन्शियल प्रोब वापरा, किंवा तपासायचे कार्ड आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर चालवा. अशा ट्रान्सफॉर्मरवर एका वेळी एकच कार्ड असावे. ऑसिलोस्कोपच्या सर्व चॅनेलच्या अर्थ-क्लिपा आतून एकत्र असतात, म्हणून त्या एकाच बिंदूला लावा. लक्षात ठेवा: ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही टोकांना एकदम हात लागला तर आरसीसीबी पडणार नाही. कार्ड बंद केल्यावरही कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट उरू शकतात. रोधातून ते उतरवा आणि मल्टिमीटरने खात्री करा.

या कामासाठी बेंचचे एक टोक राखून ठेवा आणि तेथे एकट्याने काम करू नका.

स्वाध्याय

१. बेंचवर सहा विद्यार्थी बसवल्यास भार किती होईल?
२. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर कार्डाऐवजी ऑसिलोस्कोपला जोडून त्याची अर्थ काढली, तर धोका का उरतो?
३. आपल्या प्रयोगशाळेतील प्रत्येक प्लगची अर्थ-पिन जागेवर आहे का, ते आजच पाहा.