गोळीच्या टोकावरचा दीड मिलिमीटर

१००० यार्डांवरच्या, म्हणजे ९१४ मीटरवरच्या लक्ष्यावर नेम धरायचा आणि गोळी जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात बसवायची, असा ‘एफ-क्लास’ नावाचा नेमबाजीचा प्रकार आहे. अमेरिकेतल्या नियमांनुसार त्यातले दहा गुणांचे वर्तुळ २५ सेंटीमीटर व्यासाचे असते. तिथपर्यंत पोहोचायला गोळीला साधारण दीड सेकंद लागतो. हे नेमबाज बहुधा बाजारातली तयार काडतुसे वापरत नाहीत. दारू तोलून, गोळी बसवून ती स्वतः भरतात. त्यातले काही जण आणखी एक खटाटोप करतात. प्रत्येक गोळीचे टोक पात्याने सारखे कापायचे आणि मग साच्यात दाबून पुन्हा अणकुचीदार करायचे. एकेक करत शेकडो गोळ्या!

हा खटाटोप का, ते गोळी कशी बनते यावरून कळते. स्पर्धेच्या गोळीचे तांब्याचे कवच बुडाकडून बंद असते. आत शिसे पुढच्या बाजूने भरतात आणि मग कवच निमुळते करत नेतात. त्यामुळे बूड अगदी नेटके होते, पण टोकाला बारीक भोक उरते. भोकाची कड खडबडीत असते आणि एकाच डब्यातल्या दोन गोळ्यांतही ती सारखी नसते. हे बोथट टोक जेमतेम दीड मिलिमीटरचे असते.

एवढ्याशा टोकाने काय बिघडते? हा प्रश्न जुना आहे. वैद्यकीचे शिक्षण घेतलेले, पण बंदुकीच्या नादी लागलेले फ्रँकलिन मान हे अमेरिकी गृहस्थ वर्षानुवर्षे तो धसाला लावत होते. गोळ्या मुद्दाम विद्रूप करून ते झाडत आणि त्या कुठे लागतात ते मोजत. १९०९ साली त्यांनी हे सारे पुस्तकरूपाने मांडले. बूड वाकडे असेल तर गोळी भरकटते; टोक बिघडले तर फारसे काही होत नाही, असे त्यांना आढळले. गोळी नळीतून बाहेर पडते त्या क्षणी तिच्या बुडामागे वायूचा प्रचंड दाब असतो. बूड तिरपे असेल तर हा दाब तिला एका बाजूला ढकलतो. टोकाच्या वाट्याला असा धक्का येत नाही.

पण मान यांचे प्रयोग मुख्यतः १०० यार्डांवरचे होते. तेवढ्या अंतरात हवेला गोळीचा वेग फारसा खाता येत नाही. पुढे मात्र हिशोब बदलतो. अर्न्स्ट माख यांच्या सूचनेवरून पीटर साल्खर यांनी १८८६ मध्ये फ्यूमे (आजचे क्रोएशियातील रिएका) येथे उडत्या गोळीचे छायाचित्र घेतले. ध्वनीहून वेगवान गोळीपुढे दाबाची लाट तयार होते, हे त्यात डोळ्यांना दिसले. टोक जितके बोथट, तितकी ही लाट जोरदार आणि तितकी गोळीची शक्ती जास्त खर्ची पडते.

ढोबळ आकडा घ्यायचा तर, साडेसहा मिलिमीटरच्या नेहमीच्या स्पर्धेच्या गोळीत हवा कापण्याची क्षमता एक टक्क्याने मागेपुढे झाली, तर १००० यार्डांवर ती तीन-चार सेंटीमीटर वर किंवा खाली लागते. तीन टक्क्यांचा फरक असेल तर दहा-बारा सेंटीमीटर, म्हणजे त्या ताटाची जवळजवळ अर्धी रुंदी.

इथे एक गंमत आहे. टोक नुसते कापले तर ते अधिक बोथट होते आणि गोळीला हवेचा अडथळा वाढतो. तरीही काही नेमबाज तेवढ्यावरच थांबतात, कारण आता सगळ्याच गोळ्या सारख्या वाईट असतात! सारख्या चुकीसाठी दुर्बिणीचा काटा फिरवून घेता येतो, वेगवेगळ्या चुकांसाठी नाही. त्यानंतर टोक दाबून घेतले की गमावलेले परत मिळते आणि थोडे वरही मिळते. हात जड झाला मात्र, तर टोकाखाली कवच फुगते आणि गोळी मूळच्यापेक्षाही बिघडते.

आपल्याकडे रायफल म्हटले की आठवतो तो कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे आणि त्याचे २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमधले कांस्यपदक. त्याच्या प्रकारात मात्र या कारागिरीला जागा नाही. तिथे लक्ष्य ५० मीटरवर असते, गोळी साध्या शिशाची आणि वेग ध्वनीच्या आसपासचा. ती काडतुसे कारखान्यातच भरलेली येतात. नेमबाज वेगवेगळ्या घाण्यांतली काडतुसे झाडून पाहतात आणि आपल्या रायफलीला मानवणारी निवडतात.

लांब पल्ल्यावर टोकाचा खरा फायदा दिसतो तो वाऱ्यात. आडवा वारा गोळीला किती वाहवत नेईल, हे गोळी किती वेळ हवेत आहे यापेक्षा हवेमुळे तिला किती उशीर झाला यावर ठरते. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तीच साडेसहा मिलिमीटरची गोळी १००० यार्डांवर दीड-दोन मीटर बाजूला नेतो. तीन टक्के सुधारलेले टोक यातले सहा-सात सेंटीमीटर वाचवते. मात्र वाऱ्याचा अंदाज ताशी एका किलोमीटरने जरी चुकला, तरी दहा-बारा सेंटीमीटर हातचे जातात. त्यासाठी बाजारात कोणताही साचा मिळत नाही. मैदानावरची निशाणे, गवताची हालचाल आणि दुर्बिणीतून दिसणारी तापलेल्या हवेची थरथर, एवढ्याच गोष्टी हाताशी असतात.