डिस्कचे २५५ हेड आणि ६३ सेक्टर

१ टीबीच्या सर्वसाधारण हार्ड डिस्कमध्ये ५१२ बाइटचे १९५ कोटी ३५ लाख २५ हजार १६८ सेक्टर असतात. त्याच डिस्कला तिची भूमिती विचारली, तर १६,३८३ सिलिंडर, १६ हेड आणि दर ट्रॅकला ६३ सेक्टर असे उत्तर येते. या तिन्हींचा गुणाकार भरतो १ कोटी ६५ लाख १४ हजार ६४ सेक्टर, म्हणजे ८.४६ जीबी. खऱ्या क्षमतेच्या ०.८५ टक्के. एटीए पद्धतीत यापेक्षा मोठ्या डिस्कने हेच ठरावीक उत्तर द्यायचे असते, मग ती ५०० जीबीची असो की ४ टीबीची.

लिनक्सचा पार्टिशन पाडणारा जुना एफडिस्क याच डिस्कसाठी दुसरे आकडे दाखवत असे: २५५ हेड, ६३ सेक्टर, १,२१,६०१ सिलिंडर. हा गुणाकार एकूण आकड्याच्या जवळ जातो. फक्त ५,१०३ सेक्टर, म्हणजे २.६ एमबी, शिल्लक राहतात. पण तबकडीच्या दोन्ही बाजूंना एकेक हेड धरला, तरी २५५ हेड बसवायला १२८ तबकड्या लागतील. १ टीबीच्या डिस्कमध्ये, ती कोणत्या पिढीतली आहे त्यानुसार, १ ते ५ तबकड्या असतात.

हे आकडे तबकड्यांवरून नव्हे, बिटांच्या वाटणीवरून आले. पीसीच्या बायोसने सिलिंडरला १० बिट, हेडला ८ आणि सेक्टरला ६ बिट दिले. सेक्टरची मोजणी १ पासून होते, म्हणून ६४ ऐवजी ६३. या वाटणीची कमाल मर्यादा ८.४६ जीबी. आयडीई, म्हणजेच एटीए, डिस्कच्या वाटणीत हेडला ४ बिट होते, पण सिलिंडरला १६. तिची मर्यादा १३६.९ जीबी. दोन्ही एकत्र वापरताना प्रत्येक रकान्यात लहान आकडा लागू झाला: १,०२४ × १६ × ६३. हाती उरले ५२ कोटी ८४ लाख बाइट, म्हणजे बायोसच्या मर्यादेच्याही सोळाव्या हिश्शाइतके. त्यातून वाट काढण्यासाठी बायोसने हेडची संख्या कागदोपत्री वाढवून २५५ केली. जुन्या डॉसला २५६ हेड चालत नव्हते, म्हणून एक कमी.

एकेकाळी भूमिती खरी होती. बर्कलीच्या संशोधकांनी १९८४ मध्ये मांडलेली फास्ट फाइल सिस्टिम ट्रॅक, सिलिंडर आणि फिरण्याचा वेग विचारात घेऊन पुढचा ब्लॉक कुठे ठेवायचा ते ठरवत असे. जुनी युनिक्स फाइल सिस्टिम डिस्कच्या वेगापैकी २ ते ५ टक्केच वापरू शके. नव्या सिस्टिमने ४७ टक्क्यांपर्यंत मजल मारली. त्यातला सर्वांत मोठा वाटा मात्र ब्लॉकचा आकार वाढवल्याचा होता, आणि भूमितीचे श्रेय मोजताना हे विसरता कामा नये. पुढे बाहेरच्या ट्रॅकवर जास्त आणि आतल्या ट्रॅकवर कमी सेक्टर बसवणाऱ्या डिस्क आल्या. दर ट्रॅकला किती सेक्टर, या प्रश्नाला एकच उत्तर उरले नाही.

ईएक्सटी४ फाइल सिस्टिम हा प्रश्न विचारतच नाही. ती डिस्कचे गट पाडते, पण गटाचा आकार वापरलेल्या ब्लॉकांच्या स्वतःच्या नोंदवहीवरून ठरवते: ४,०९६ बाइटच्या एका ब्लॉकमध्ये ३२,७६८ बिट, एका बिटामागे एक ब्लॉक, म्हणून एक गट १२८ एमआयबीचा. १ टीबीच्या या डिस्कवर असे ७,४५३ गट पडतात. तबकड्या किती, याने त्यात काहीही बदलत नाही.

भूमितीतला एक आकडा मात्र महाग पडला. विंडोज एक्सपी पहिले पार्टिशन ६३व्या सेक्टरवर सुरू करत असे, कारण शून्यापासून मोजल्यास दुसरा ट्रॅक तिथे सुरू होतो. उत्पादकांनी जानेवारी २०११ पासून नव्या डिस्कसाठी ४,०९६ बाइटचे भौतिक सेक्टर स्वीकारले. म्हणजे ८ जुने सेक्टर मिळून एक नवा. ६३ ला ८ ने भागले की बाकी ७ उरते. त्यामुळे ४,०९६ बाइटचा प्रत्येक ब्लॉक, १०० टक्के ब्लॉक, दोन भौतिक सेक्टरांवर विभागला जातो. असा एक सुटा ब्लॉक लिहायचा, तर डिस्कने आधी दोन्ही सेक्टर वाचायचे, मग एक फेरी थांबून लिहायचे. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांची असते.

वेस्टर्न डिजिटलने त्या काळातल्या काही डिस्कवर एक जंपर दिला. तो लावला की डिस्क प्रत्येक पत्त्यात १ मिळवते आणि ६३ चा ६४ होतो. विस्टापासून विंडोज पार्टिशन २,०४८व्या सेक्टरवर, म्हणजे १ एमआयबीवर, सुरू करते. तिथे हाच जंपर २,०४९ करून जुळलेली मांडणी बिघडवतो. १ टीबीवर १ एमआयबी सोडण्याची किंमत ०.०००१ टक्के आहे. लिनक्सच्या एफडिस्कनेही पुढे २,०४८ स्वीकारले.

आज फॉरमॅट करताना भूमिती खऱ्या अर्थाने कामाला येते ती रेडमध्ये, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या मांडणीत. ६४ केआयबीचे तुकडे आणि ४ केआयबीचा ब्लॉक असेल, तर ईएक्सटी४ला स्ट्राइड, म्हणजे एका तुकड्यातले ब्लॉक, १६ द्यावा लागतो; माहितीच्या ३ डिस्क असतील, तर स्ट्राइप-विड्थ ४८. लिनक्सच्या स्वतःच्या रेडमधून हे आकडे आपोआप मिळतात. हार्डवेअर रेड कार्ड ते पुढे कळवत नसेल, तर हाताने लिहावे लागतात. ४८ च्या जागी ६४ लिहिले, तरी फॉरमॅट विनातक्रार पूर्ण होते.